ज्वारी, जीनोम आणि ताण : पैदासीत नेमकं काय जमलंय?

मृद्गंध

दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता की ज्वारीचा जीनोम (म्हणजे तिचा सगळा डीएनए) २००९ मध्येच वाचून झालाय, तर दुष्काळात तग धरणारे वाण एव्हाना भराभर यायला हवे होते, घोडं अडलंय कुठे? तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी ज्वारीच्या पैदासीतच काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्वारीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. जीनोम साधारण डीएनएच्या ७३ कोटी अक्षरांचा, म्हणजे मक्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. बीटीएक्स६२३ या वाणाचा संदर्भ जीनोम जानेवारी २००९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. पण एका वाणाचा जीनोम हाती आला की जनुकं कुठे आहेत एवढंच कळतं. कुणात कुठलं जनुक वेगळं आहे आणि त्या फरकाने झाडात काय बदलतं, हे समजायला शेकडो वाण वाचावे लागतात. ते काम पुढे झालं. २०१३ मध्ये जगभरच्या ९७१ वाणांचा अडीच लाखांहून जास्त खुणांवर (म्हणजे वाणावाणांत डीएनएचं अक्षर बदलतं अशा जागांवर) अभ्यास झाला. त्याच वर्षी ४४ वाणांचे जीनोम पूर्ण वाचले गेले. २०२१ मध्ये लागवडीखालचे आणि रानटी मिळून १३ जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दिसलं की बरीचशी जनुकं काही वाणांत असतात आणि काहींत चक्क नसतातच. म्हणजे एकाच संदर्भ जीनोमवर विसंबलो असतो तर ती नजरेलाच पडली नसती.

आता मुद्द्यावर येते. माझं ठाम मत आहे की जीनोम वाचणं हा या कामातला सोपा भाग झालाय. अवघड आहे ते ताण नेमका कोणता आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत, हे ठरवणं आणि मोजणं. "दुष्काळ सोसणारी ज्वारी" असा एकच गुण अस्तित्वात नाही. पोटरीत येण्याआधी पाणी तुटलं तर फुलोरा लांबतो, कणीस लहान राहतं, कधी पोटरीतून पूर्ण बाहेरच पडत नाही. फुलोऱ्यानंतर तुटलं तर पानं खालून वर वाळत जातात, दाणा बारीक राहतो, खोडात खडखड्या शिरतो आणि झाड लोळतं. या दोन गोष्टींची जनुकं वेगळी आहेत. पैदासकारांच्या नेहमीच्या वापरातले दोन वाण घ्या: बीटीएक्स६४२ फुलोऱ्यानंतरचा ताण उत्तम सोसतो, पण आधीच्या ताणात कोसळतो. आरटीएक्स४३० चं बरोबर उलट. कॅलिफोर्नियात हेच दोन वाण शेतात ताणावर ठेवून दर आठवड्याला त्यांच्या जनुकांची हालचाल मोजली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: चालू असलेल्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्क्यांच्या कामात ताणाने फरक पडला होता.

४४ टक्के! यातलं कुठलं एक जनुक धरून "दुष्काळाचं जनुक" म्हणणार?

जाणकारांनी भर घालावी. स्टे-ग्रीनबद्दल, म्हणजे ताणातही पानं शेवटपर्यंत हिरवी राहण्याच्या गुणाबद्दल, मी मुद्दाम लिहिलेलं नाही, इथे माझ्यापेक्षा ते जास्त जाणणारे लोक आहेत.

कोरडवाहू

ताई, धागा छान. माझा एक साधा प्रश्न. स्टे-ग्रीन म्हणून जे वाण दाखवतात ते काढणीपर्यंत हिरवेगार दिसतात खरे. पण झाड हिरवं आहे म्हणजे ते उशिरा पिकतंय किंवा कणसात दाणेच कमी आहेत, असंही असू शकतं ना? दाणा भरायला झाड पानातलं सगळं ओढून घेतं हे आम्ही डोळ्यांनी बघतो. दाणाच नसेल तर पान हिरवं राहणारच.

हिरवं_पान

कोरडवाहूदादा, तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही तिने बरीच वर्षं छळलं. वांझ कणसाचं झाड सगळ्यात हिरवं दिसतं. म्हणून नुसता हिरवेपणा पाहून निवड केली तर हमखास फसगत होते. फुलोऱ्याची तारीख सारखी असलेल्या आणि दाण्यांची संख्या सारखी असलेल्या झाडांची तुलना केली तरच त्याला अर्थ.

स्टे-ग्रीनचा मूळ स्रोत बीटीएक्स६४२, त्याचं जुनं नाव बी३५. इथिओपियातल्या दुर्रा प्रकारच्या स्थानिक ज्वारीतून तो आलाय. त्याच्या जीनोममध्ये चार मोठे पट्टे सापडले, त्यांना स्टे-ग्रीन १ ते ४ म्हणतात. पहिले दोन तिसऱ्या गुणसूत्रावर, तिसरा दुसऱ्या गुणसूत्रावर, चौथा पाचव्यावर. बरीच वर्षं समज असा होता की ही जनुकं पानाचं म्हातारपण थेट थोपवतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या गटाने एकेक पट्टा वेगळा करून, बाकी सगळं सारखं असलेल्या जोड्या तयार केल्या आणि त्या शेतात लावून मोजल्या. २०१४ मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचून माझा तरी या गुणाकडे बघायचा दृष्टिकोन पार बदलला.

फरक फुलोऱ्यानंतर सुरू होतच नाही, तो आधीच पडलेला असतो. स्टे-ग्रीन पट्टा असलेल्या झाडाला फुटवे कमी येतात आणि वरची पानं थोडी लहान असतात. म्हणजे फुलोऱ्याच्या वेळी एकूण पानांचं क्षेत्र कमी, म्हणून तोवर जमिनीतली ओल कमी उपसली जाते. ती वाचलेली ओल दाणा भरताना कामी येते. पान हिरवं राहतं कारण त्याला पाणी मिळतंय, एवढं साधं. हिरवेपणा हा परिणाम आहे, कारण नव्हे.

तुम्हाला शिवारात तपासायचं असेल तर फुलोऱ्याच्या दिवशी फुटवे आणि वरच्या तीन-चार पानांची रुंदी बघा. वाळण्याची वाट पाहत बसायची गरज नाही.

चौकस

मी शेतीतला नाही, पण वाचायला फार मजा येतेय. पानं लहान ठेवून पाणी वाचवायचं, तर मग पाऊस चांगला झाला त्या वर्षी हे वाण मागे पडत नाहीत का?

हिरवं_पान

काही प्रमाणात पडतात. व्यापारी संकरित वाणांवर बऱ्याच ठिकाणी घेतलेल्या चाचण्यांत असं दिसलं की मध्यम आणि कमी उत्पादनाच्या परिस्थितीत स्टे-ग्रीनचा फायदा स्पष्ट असतो; पाणी मुबलक असेल तिथे तो विरतो आणि क्वचित थोडं नुकसानही होतं. म्हणूनच मृद्गंधताईंनी म्हटलं ते खरं, ताण कधी येतो ते आधी ठरवा. जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढणाऱ्या पिकाला जवळजवळ दर वर्षी शेवटी ताण येतोच, तिथे हे गणित बसतं. अधूनमधून खंड पडणाऱ्या पावसावरच्या पिकाला बसेलच असं नाही. तिथे फुटवे जास्त असणं हाच विमा ठरू शकतो, कारण पहिला कणसाचा बहर गेला तर दुसरा हाताशी असतो.

बीजधारा

चर्चा उत्तम चाललीय, पण मला ती थोडी निराश सुराची वाटली. एका जनुकाने मोठा फरक पडल्याची उदाहरणं ज्वारीतच आहेत आणि ती जीनोममुळेच हाती लागली. मी प्रयोगशाळेत काम करतो, तिकडची बाजू मांडतो.

एक, ॲल्युमिनियमची बाधा. आम्लधर्मी जमिनीत ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात येतं आणि मुळाचं टोक जाळून टाकतं. मूळ आखूड राहिलं की खाली पाणी असूनही झाड तहानलेलं. २००७ मध्ये ब्राझीलची एम्ब्रापा संस्था आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून तिसऱ्या गुणसूत्रावरचं एसबीमेट हे जनुक शोधलं. ते मुळाच्या टोकातून सायट्रेट बाहेर सोडतं. सायट्रेट ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं, मूळ वाचतं.

दोन, टारफुला हे परजीवी तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून झिरपणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोन या द्रव्याची चाहूल लागली की मगच उगवतं. मुळाला चिकटून अन्नपाणी शोषतं. टारफुला आणि पाण्याचा ताण बहुतेक हातात हात घालून येतात. पर्ड्यू विद्यापीठात गेबिसा एजेटा यांच्या गटाने यावर आयुष्य घातलं. एजेटांना २००९ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी आणि दुष्काळात टिकणाऱ्या संकरित ज्वारीसाठी. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने एलजीएस१ हे जनुक दाखवून दिलं. ते बिघडलेलं असेल तर मूळ वेगळ्या प्रकारचं स्ट्रायगोलॅक्टोन सोडतं, टारफुल्याच्या बियांना त्याची चाहूल फारशी लागत नाही आणि त्या झोपूनच राहतात. झाडाला मदत करणाऱ्या मुळांवरच्या बुरशीला मात्र ते द्रव्य चालतं.

तीन, चोपण जमीन. २०२३ मध्ये चिनी संशोधकांच्या पुढाकाराने एटी१ हे जनुक 'सायन्स'मध्ये आलं. हे जनुक बंद पाडलं की पेशीत साचणारा हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर काढण्याची वाट मोकळी होते आणि झाड जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीतही तरतं. ज्वारीत सापडलं आणि भात, मका, गहू यांच्यातही तेच जनुक काम करतं असं दिसलं.

शेवटच्या दोन्ही उदाहरणांत फायदा होतो तो जनुक निकामी झाल्यामुळे, हे लक्षात घ्या. निकामी करणं जीनोम संपादनाला, म्हणजे डीएनएत हव्या त्या जागी बदल करण्याच्या तंत्राला, सगळ्यात सोपं. मग दहा-दहा वर्षं संकर आणि मागे संकर (पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच संकर) करत का बसायचं?

मृद्गंध

बीजधारा, तुमची तिन्ही उदाहरणं मला मान्य आहेत आणि ती या विषयातली अभिमानाने सांगावी अशीच आहेत. पण ती तिन्ही एका जातीची आहेत. ॲल्युमिनियम, टारफुल्याचं बी, जमिनीचा सामू, या ठिकाणी शत्रू एकच असतो आणि तो ठरलेल्या जागी वार करतो. पाण्याचा ताण तसा नाही. तो रोज थोडा थोडा वाढतो, दर वर्षी वेगळ्या दिवशी येतो, जमिनीच्या खोलीप्रमाणे बदलतो आणि झाडाच्या प्रत्येक अवयवाला कमी-जास्त भिडतो.

आणि सोप्या उदाहरणांतही पेच आहेतच. एसबीमेटचा तोच चांगला प्रकार दुसऱ्या वाणात नेला तर प्रत्येक वाणात तो सारख्या जोमाने चालत नाही. बाकीचा जीनोम कसा आहे यावर त्याचं काम अवलंबून राहतं. एलजीएस१ चं म्हणाल, तर २०२० च्या एका अभ्यासात दिसलं की हे जनुक निकामी असलेली स्थानिक ज्वारी प्रामुख्याने टारफुल्याच्या पट्ट्यात आढळते. हे जनुक गेल्याने काहीच तोटा नसता तर ते सगळीकडे पसरलेलं दिसलं असतं.

स्टे-ग्रीनमध्ये तर हे फारच ठळक आहे. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तेच पट्टे आर१६ आणि एस३५ या दोन वेगळ्या वाणांत उतरवले गेले. दोन-दोन मीटर खोल नळकांड्यांत माती भरून, प्रत्येकात एक झाड लावून, क्रेनने नळकांडी उचलून वजन करत किती पाणी उडालं ते मोजलं. एका वाणात पट्ट्याचा परिणाम झाला तो जमिनीतून जास्त पाणी ओढण्यावर. दुसऱ्यात झाला तो तेवढ्याच पाण्यात जास्त वजन कमावण्यावर. पट्टा तोच, रस्ता निराळा. म्हणून मार्कर (हव्या जनुकाची डीएनएतली खूण) हातात आला की काम झालं असं मी कधी म्हणत नाही.

चौकस

हा मार्कर म्हणजे प्रत्यक्षात काय करता? डोळ्यासमोर चित्र येत नाहीये.

मृद्गंध

चांगला प्रश्न. रोप तीन-चार पानांचं असताना पानाचा टिकलीएवढा तुकडा पंचने काढतात. ९६ खड्ड्यांची एक प्लेट असते, एका खड्ड्यात एका रोपाचा तुकडा. त्यातून डीएनए काढायचा आणि ज्या जागी आपल्याला हव्या-नकोशा प्रकारात एका अक्षराचा फरक आहे, त्या जागेवर दोन प्रकारचे चकाकणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) सोडायचे. चांगला प्रकार असेल तर एका रंगाचा प्रकाश, नको तो असेल तर दुसऱ्या रंगाचा, दोन्ही असतील तर दोन्हींचा. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक रोप एक ठिपका होऊन येतं आणि ठिपक्यांचे तीन पुंजके पडतात. एका बाजूचा पुंजका ठेवायचा, उरलेली रोपं उपटायची.

यातला खरा लाभ वेळेचा आहे. फुलोरा यायच्या आत कळतं की कुठलं रोप ठेवायचं, म्हणजे त्याच हंगामात योग्य झाडावर संकर करता येतो. आणि स्टे-ग्रीनसारखा गुण ज्या वर्षी ताणच पडला नाही त्या वर्षी डोळ्यांना दिसत नाही, मार्करला तरीही दिसतो. मागे संकर करताना हव्या पट्ट्याच्या शेजारी नकोसा भाग किती चिकटून आलाय तेही याच पद्धतीने तपासतात. तो भाग तोडला नाही तर दुष्काळ सोसणाऱ्या वाणात दाणा हलका, उंची अडनिडी असं काहीतरी गळ्यात पडतं.

अंकगणित

मी आकडेवारीचा माणूस, पैदासकारांबरोबर काम करतो. दोन गोष्टींची भर.

पहिली धोक्याची. शेकडो वाण घ्यायचे, लाखो खुणा वाचायच्या आणि कुठली खूण ताण सोसण्याबरोबर चालते ते शोधायचं, याला संपूर्ण जीनोम सहसंबंध अभ्यास म्हणतात. ज्वारीत यात एक सापळा आहे. लागवडीच्या ज्वारीचे पाच मुख्य प्रकार मानतात: बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा. गिनी प्रकार जास्त पावसाच्या पट्ट्यातला, दुर्रा कोरड्या भागातला. आता दुर्रामध्ये कणीस घट्ट असतं, इतरही शंभर गोष्टी वेगळ्या असतात. कोरड्या भागाशी जोडलेली खूण शोधायला गेलं की दुर्राची प्रत्येक खूण "दुष्काळ, दुष्काळ" असं ओरडते. वंशावळीचा हा प्रभाव गणितात वजा करावा लागतो. पण फार वजा केला तर खरं जनुकही त्याच्याबरोबर वाहून जातं, कारण दुर्रा कोरड्या भागात टिकली ती काही योगायोगाने नाही. इथे निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

याच गोष्टीचा चतुर वापरही झालाय. २०१५ मध्ये १,९४३ स्थानिक वाणांचे मूळ ठिकाण आणि त्यांचा जीनोम एकत्र पाहिला. ज्या ठिकाणाहून बी गोळा केलं तिथला पाऊस, उष्णता, माती हीच जणू मोजणी. त्यावरून बांधलेला अंदाज प्रत्यक्ष ताणाच्या प्रयोगांतल्या वागण्याशी काही अंशी जुळला. जीन बँकेत पडून असलेल्या हजारो पाकिटांपैकी कुठली आधी उघडायची हे ठरवायला हे फार कामाचं आहे. इक्रिसॅटच्या बँकेत ज्वारीचेच चाळीस हजारांच्या आसपास नमुने आहेत, सगळे शेतात लावून ताणावर तपासणं कुणालाही शक्य नाही.

दुसरी गोष्ट जीनोमिक निवड. २००१ मध्ये पशुपैदाशीच्या अभ्यासकांनी ही कल्पना मांडली. एकेक जनुक शोधत बसायचं नाही. काही शे वाण शेतात मोजायचे, त्यांच्या हजारो खुणा वाचायच्या आणि प्रत्येक खुणेला थोडं थोडं वजन द्यायचं. मग नव्या, न मोजलेल्या रोपाच्या खुणा वाचून त्याच्या उत्पादनाचा अंदाज बांधायचा. पाण्याच्या ताणासारख्या, शेकडो लहान जनुकांवर विखुरलेल्या गुणाला हाच मार्ग योग्य आहे असं माझं मत आहे. फक्त एक अट आहे: मोजलेले वाण आणि नवी रोपं एकमेकांच्या नात्यातली हवीत. परक्या कुळात हा अंदाज लंगडा पडतो.

कोरडवाहू

अंकगणितभाऊ, ते मोजायचे काही शे वाण कुठे मोजणार? एका केंद्रावर काळी खोल जमीन, पाणी दिलेलं, मुरमाड कुठेच नाही. तिथे मोजून वजन दिलेल्या खुणा आमच्या हलक्या रानात काय कामाच्या?

अंकगणित

अगदी वर्मावर बोट ठेवलंत. माझ्याकडे येणारी चाचण्यांची कितीतरी कोष्टकं अशी असतात की त्यात वाण, उत्पादन आणि ठिकाण एवढंच. जमिनीत ओल किती होती, ताण कोणत्या आठवड्यात बसला, काहीच नसतं. मग "ठिकाण अ" आणि "ठिकाण ब" यांत वाणांचा क्रम उलटापालटा झाला तर त्याचं कारण सांगता येत नाही.

क्वीन्सलँडच्या गटाने यावर बरीच मेहनत घेतलीय. ते जुन्या हवामानाच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं संगणकी प्रारूप वापरून प्रत्येक चाचणीत पिकाला पाणी किती पुरलं याची रोजची रेषा काढतात. मग चाचण्यांचे गट पडतात: ताण नसलेल्या, फुलोऱ्याआधी ताण येऊन गेलेल्या, शेवटाला ताण बसलेल्या. खुणांना वजन द्यायचं ते त्या त्या गटात वेगळं. मग ठिकाणाच्या नावाला फारसं महत्त्व उरत नाही. तुमच्या रानात बहुतेक वर्षी कुठल्या गटाचा ताण येतो तो बघायचा आणि त्या गटातला अंदाज घ्यायचा.

चौकस

एक विनंती. हे सगळं वापरून पिकाचं रान खरोखर वाचलं, असं एखादं उदाहरण सांगाल का?

बीजधारा

सांगतो, आणि हे माझं सगळ्यात आवडतं आहे. पाण्याचा ताण नाही, किडीचा आहे.

ज्वारीवरच्या एका माव्याने २०१३ मध्ये अमेरिकेत अचानक उचल खाल्ली आणि पुढे शेजारच्या देशांत पसरला. हैतीत ज्वारी हे गरीब शेतकऱ्याचं पीक, फवारणी परवडत नाही. पीक जवळजवळ हातचं गेलं. तिथे एक छोटा पैदास कार्यक्रम आधीपासून चालू होता. माव्याने सगळं रान काळं चिकट करून टाकलं तेव्हा त्यांच्या वाफ्यांतली काही झाडं तगली. त्यांनी त्यांच्यातूनच निवड केली आणि बी शेतकऱ्यांपर्यंत पोचवलं. जीनोम नंतर आला: तगलेल्या आणि इतर वाणांचे जीनोम ताडून पाहिले तर सहाव्या गुणसूत्रावर निवडीचा ठसा स्पष्ट उमटलेला. ही तीच आरएमईएस१ नावाची जागा, जी चीनमधल्या अभ्यासात आधी सापडलेली होती. तो प्रकार जगात तसा दुर्मिळ, पण इथिओपियाच्या ज्वारीत आढळणारा. पन्नासहून जास्त वर्षं देशोदेशी बियाण्यांची देवाणघेवाण होत होती, त्यातून तो न कळत हैतीत येऊन बसला होता. २०२२ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. त्या जागेचा मार्कर बनवला गेला आणि तो आता इतर कार्यक्रमांतही चालतो.

बीटीएक्स६४२ पण इथिओपियाचा, हाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या बियाण्याचं देणं किती मोठं आहे!

मृद्गंध

सुंदर लिहिलंत. आणि क्रम बघा: आधी शेतात ताण आला, झाडं निवडली गेली, मग जीनोमने कारण सांगितलं आणि पुढच्यांचं काम सोपं केलं.

याच्या उलटंही घडलंय. थंडीचं घ्या. समशीतोष्ण भागात लवकर पेरणी करता आली तर पीक शेवटच्या ताणातून सुटतं, पण रोपाला गारठा सोसता आला पाहिजे. चीनच्या जुन्या ज्वारीत तो गुण आहे. अमेरिकेत तो आणायचा प्रयत्न कित्येक दशकं चालला आणि दर वेळी उंच झाडं किंवा टॅनिन असलेला तुरट दाणा बरोबर येई. २०१९ च्या एका अभ्यासाने कारण दाखवलं: गारठा सोसण्याच्या जागा जीनोममध्ये बुटकेपणाच्या आणि टॅनिनच्या जनुकांच्या जागीच किंवा त्यांना खेटून आहेत. बुटकी आणि बिनटॅनिनची ज्वारी निवडता निवडता पैदासकारांनी गारठा सोसणंही काढून टाकलं होतं. असा पेच नकाशाशिवाय कळलाच नसता.

म्हणूनच संपादनाला माझा विरोध नाही, बीजधारा. एका अक्षराच्या फरकाने दोन गुण चिकटलेले असतील तर तिथे कात्री लावायला संपादनासारखं साधन नाही. पण ज्वारीच्या ऊतीपासून पूर्ण रोप उभं करणं बऱ्याच वाणांत अजून कटकटीचं आहे. शिवाय ज्वारीचा रानटी नातलगांशी सहज संकर होतो, तेव्हा ताण सोसणारा गुण तणात गेला तर ते तण आवरणं कठीण जाईल. कोणता गुण संपादित करायचा हे ठरवताना याचा विचार हवाच.

कोरडवाहू

वाण निवडताना मी काय विचारावं एवढं सांगा. पाकिटावर तर "दुष्काळ सहनशील" इतकंच छापतात.

मृद्गंध

दादा, पहिला प्रश्न, ताण कोणत्या अवस्थेत देऊन तपासला? पोटरीआधी की फुलोऱ्यानंतर? दुसरा, चाचणीची जमीन किती खोल होती. तिसरा, ताण नसलेल्या चाचणीत हाच वाण कुठे होता. या तिसऱ्याचं उत्तर बरेच जण टाळतात, म्हणून तो नक्की विचारा. आणि कडब्यासाठी ज्वारी करत असाल तर पाला शेवटपर्यंत टिकतो का तेही बघा, स्टे-ग्रीनचा तो मोठा फायदा आहे. मात्र हिरवी ज्वारी जनावरांना घालायची असेल तर ताणात अडकलेलं कोवळं पीक किंवा ताणानंतर फुटलेले नवे धुमारे घालू नका. ज्वारीतलं धुरिन कोवळेपणी आणि ताणात वाढतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. दुष्काळ सोसणारा वाण म्हणून ही काळजी सुटत नाही.

चौकस

उष्णतेबद्दल कुणी बोललंच नाही. ती या पाण्याच्या ताणातच मोडते का?

हिरवं_पान

नाही, तिला वेगळं काढा. ज्वारीचं पान बऱ्यापैकी उष्णता सोसतं, परागकण सोसत नाहीत. फुलोऱ्याच्या आगेमागच्या मोजक्या दिवसांत दिवसाचं तापमान ३६ ते ३८ अंशांच्या वर गेलं की पराग निर्जीव होऊ लागतात आणि कणसात दाणे गाळे सोडून भरतात. पाणी भरपूर असलं तरीही. वाणावाणांत यात बराच फरक आहे, म्हणजे निवडीला वाव आहे. पण मोजणी नाजूक असते. एकाच तारखेला पेरलेले वाण वेगवेगळ्या दिवशी फुलतात आणि ज्याच्या वाट्याला गरम आठवडा आला तो नाजूक ठरतो. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार पेरण्या करतात आणि प्रत्येक कणसाच्या फुलोऱ्याची तारीख लेबलवर लिहून ठेवतात. त्या तारखांशिवाय वाचलेल्या खुणांना काही अर्थ नाही.

आणखी एक, जे या कामात नवे आहेत त्यांच्यासाठी. स्वपरागासाठी कणसावर कागदी पिशवी चढवतात. उष्णतेच्या चाचणीतल्या कणसांवर ती चढवू नका. पिशवीच्या आत तापमान बाहेरपेक्षा वाढतं, दाणे पिशवीमुळे कमी भरतात आणि खापर वाणावर फुटतं. बियाण्यासाठी स्वपराग हवाच असेल तर त्याची वेगळी ओळ लावा.